मिस्टरांची सही कायद्यात नाही

ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका सत्तावीस वर्षांच्या विवाहित बाईचा गर्भपाताच्या परवानगीसाठी अर्ज आला. पदरात दोन मुलं, धाकटं अजून अंगावर पिणारं. मूल अंगावर पीत असताना दिवस राहत नाहीत, यावर तिची भिस्त होती. त्या काळात पाळी आलेली नसणं हेही नेहमीचंच. त्यामुळे तिसऱ्यांदा दिवस गेलेत हे कळेपर्यंत चोवीस आठवड्यांच्या आसपासचा काळ निघून गेला होता. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला मानसिक आजार जडला होता आणि त्याची औषधं चालू होती. आणखी एक मूल शरीराला, मनाला आणि घराला झेपणार नाही, असं तिचं म्हणणं होतं.

९ ऑक्टोबरला दोन न्यायमूर्तींनी गर्भपाताची परवानगी दिली. दुसऱ्याच दिवशी एम्सच्या डॉक्टरांनी कळवलं की गर्भ जगण्याची शक्यता आहे, आणि केंद्र सरकार तो आदेश मागे घ्यावा म्हणून न्यायालयात आलं. त्याच दोन न्यायमूर्तींमध्ये मग मतभेद झाले. न्या. हिमा कोहली यांनी परवानगी द्यायला आता मन धजत नाही असं सांगितलं, तर न्या. बी. व्ही. नागरत्ना त्या बाईच्या निर्णयाच्या बाजूने ठाम राहिल्या. १६ ऑक्टोबरला सरन्यायाधीशांच्या त्रिसदस्यीय पीठाने नकार दिला, तोवर सव्वीस आठवडे उलटले होते. गर्भात व्यंग नाही, आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही आणि चोवीस आठवड्यांची मर्यादा उलटून गेली आहे, ही कारणं. बाळंतपणाचा खर्च सरकार करील आणि मूल नको असेल तर दत्तक देता येईल, असंही त्यात आलं.

सव्वीस आठवड्यांचा प्रश्न अवघड आहे, हे मी मान्य करते. त्यावर पुढे लिहिणार आहे. पण त्या आठवडाभरात एक गोष्ट उघडी पडली. अनेकांची समजूत असते की भारतात १९७१ पासून गर्भपात कायदेशीर आहे, म्हणजे बाईला तो हक्क मिळालेला आहे. तसं नाही. आपल्या कायद्यात सहाव्या आठवड्यातही बाईचा निर्णय पुरेसा नसतो. गर्भ ठेवल्याने तिच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा होईल, असं डॉक्टरचं प्रामाणिक मत व्हावं लागतं. ते झालं की डॉक्टर गुन्ह्यातून सुटतो. मूळ गुन्हा तसाच राहतो. १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३१२ गर्भपात करणाऱ्याला आणि स्वतः तो घडवून आणणाऱ्या बाईलाही शिक्षा सांगत होतं. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा म्हणजे त्या कलमाला काढलेली एक पळवाट, तीही डॉक्टरसाठी.

या कायद्याचा जन्मच मुळी लोकसंख्येच्या आणि मातामृत्यूच्या चिंतेतून झाला. १९६४ मध्ये केंद्राने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. सुईणी, काड्या, काढे आणि चोरून केलेले उपाय यांपायी बायका मरत होत्या. समितीने ते नोंदवलं आणि तिच्या शिफारशींवर १९७१ चा कायदा उभा राहिला. त्याने असंख्य जीव वाचवले, त्याचं मोल मी कमी लेखणार नाही. पण बाईचं शरीर बाईचं, असा विचार त्याच्या मुळाशी नव्हता. २०२१ च्या दुरुस्तीत मर्यादा वाढली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, आणि ठरावीक गटांतल्या स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवडे. 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' या शब्दांच्या जागी 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' आला. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांची सवलत खुली केली आणि या कायद्यापुरती नवऱ्याने केलेली बळजबरी हाही बलात्कार धरला. ही पावलं मोठी आहेत. तरी सगळी परवानगीची दारं रुंद करणारी आहेत. दारावर उभा असलेला माणूस तोच आहे.

तो माणूस प्रत्यक्षात कसा वागतो, हे तालुक्याच्या गावी दिसतं. बायकांच्या आरोग्याच्या कामात असल्यामुळे मी कुणाकुणासोबत दवाखान्यात बसते. काउंटरवरच्या मुलीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मिस्टर आलेत का सोबत?" नसतील तर, "मग उद्या त्यांना घेऊनच या." बाई अठरा वर्षांवरची असेल तर गर्भपाताला फक्त तिची संमती लागते. नियमांत त्यासाठी फॉर्म सी आहे आणि त्यावर नवऱ्याच्या सहीची जागाच नाही. सही मागणाऱ्या मुलीला हे ठाऊक नसतं, डॉक्टरांना असतं. पण उद्या घरचे येऊन दंगा करतील, या धाकाने ती मागितली जाते. एकदा माझ्यासोबत होती ती बाई पस्तिशीची. दोन मुलं, नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी येणारा. सहा आठवडे झाले होते. तिने विचारलं, "ते दहा दिवसांनी येणार. तोवर हे वाढणार नाही का?" त्या प्रश्नाला काउंटरवर कुणाकडे उत्तर नव्हतं. आम्ही दुसऱ्या दवाखान्यात गेलो. तिथे सही मागितली नाही, पण एक अट आली: क्युरेटिंग करून देऊ, तांबी बसवून घ्यावी लागेल. तिला तांबीचा पूर्वी त्रास झाला होता, अंगावरून फार जायचं. तिने मान हलवली. ती संमती मला संमती वाटली नाही.

अशा दवाखान्यात बसल्यावर कायद्यातले आठवडे कुठे जातात ते कळतं. एक आठवडा पाळी लांबली असेल म्हणून जातो. एक पैशांची जुळवाजुळव करण्यात, एक नवऱ्याची वाट पाहण्यात. एक 'सोनोग्राफी करून आणा, मग बघू' यात. गर्भपात उशिरा का मागतात, असं विचारणाऱ्यांनी हा हिशोब आधी पाहावा.

आता सगळ्यात गंभीर आक्षेपाकडे येते, कारण महाराष्ट्रात तो कुठल्याही धर्मग्रंथातून येत नाही, आपल्याच अनुभवातून येतो. गर्भपात बाईच्या हाती मोकळा दिला तर मुली आणखी मारल्या जातील. हे म्हणणारी माणसं तळमळीने म्हणतात आणि त्यांच्यापाशी पुरावा आहे. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात २०११ चा आकडा ८०७ होता. २०१२ मध्ये परळीच्या एका दवाखान्यात बेकायदा गर्भपातात एक बाई दगावली आणि तिथे काय चाललं होतं ते राज्याला कळलं. २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला पुन्हा एका बाईचा जीव गेला आणि ओढ्याजवळ पुरलेले १९ भ्रूण सापडले. हे वाचून ज्याच्या पोटात कालवलं नाही, त्याच्याशी नीतीची चर्चा करण्यात अर्थ नाही.

या लढाईत महाराष्ट्र पुढे होता. स्त्री संघटनांच्या रेट्यामुळे १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा आपल्याकडे झाला, केंद्राचा कायदा त्यानंतर, १९९४ मध्ये आला. त्या संघटनांची भूमिका तेव्हापासून स्पष्ट होती: गुन्हा लिंगनिदानाचा आहे, गर्भपाताचा नाही. दोन्हींमधली ही रेघ जपणं कठीण असलं तरी शक्य आहे. परळीनंतर मात्र ती पुसली गेली. औषध प्रशासनाने गर्भपाताच्या गोळ्यांवर धाडी घातल्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी तपासल्या, आणि राज्यातल्या बहुसंख्य दुकानदारांनी ती किट ठेवणंच बंद केलं. चिठ्ठी दाखवली तरी "नाही ठेवत आम्ही" हेच उत्तर. मिफेप्रिस्टोनची एक आणि मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या असलेली ही किट नऊ आठवड्यांपर्यंत वापरायला मान्यता आहे. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे खात्रीने दिसतं ते तिसरा महिना उलटल्यानंतर. म्हणजे ज्या गोळ्या लिंग कळायच्या आधीच घेतल्या जातात, त्याच आपण मुली वाचवण्यासाठी दुकानांतून हद्दपार केल्या. आता दहाव्या आठवड्यापासून आईच्या रक्तातूनही गर्भाची गुणसूत्रं तपासता येतात, तेव्हा चोरवाटा वाढणार हे खरं आहे. त्यांना अडवायचं तर तपासणाऱ्या प्रयोगशाळांवर आणि सोनोग्राफीच्या यंत्रांवर लक्ष हवं. औषधाच्या दुकानात पाळी चुकून दोन आठवडे झालेली बाई उभी असते, तिच्यावर ठेवून काय मिळणार?

मुलींच्या मरणात सरकारचा स्वतःचा वाटा किती, हेही बोलायला हवं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं तर आपल्या राज्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. २००५ पासून सरकारी नोकरीलाही दोन मुलांची अट आहे. एकीकडे समाज सांगतो की वंशाला एक तरी मुलगा पाहिजे, दुसरीकडे सरकार सांगतं की दोनच. पहिली मुलगी झालेल्या घरात दुसऱ्या खेपेला काय घडतं, हे सांगायला कुठल्या संशोधनाची गरज नाही. गावात सरपंचपदाची आस असलेल्या घरांना विचारा. ज्या सुनेला दुसऱ्यांदा मुलगीच आहे असं कळतं, तिच्यापुढे 'निवड' असते असं मी म्हणणार नाही. तिचा निर्णय सासू, नवरा, सोनोग्राफीवाला आणि दोन मुलांचा नियम यांनी आधीच घेऊन टाकलेला असतो. लिंगनिवडीचा गर्भपात हे बाईला जास्त अधिकार दिल्याचं उदाहरण नाही. तिला कसलाच अधिकार नसल्याचं आहे. म्हणून त्यावरचा उपाय तिचा उरलासुरला अधिकार काढून घेणं हा असू शकत नाही.

बीडचंच आणखी एक सांगते. ज्या जिल्ह्यात गर्भावर इतका पहारा बसला, त्याच जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या तिशी-पस्तिशीत काढल्या जात होत्या. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि पाहणीत तेरा हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली निघाली. फडावर कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, एकत्र, खाडा झाला तर दंड. पाळीच्या दिवसांत बसायला सोय नाही, पाणी नाही. पांढरं जातंय म्हणून गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालायची आणि पिशवी काढून टाकायची. सहा आठवड्यांचा गर्भ काढण्यासाठी जिथे सही, कारण, नोंद, रजिस्टर लागतं, तिथे एक आख्खा अवयव काढायला तितकी विचारपूस झाली नाही. गर्भाची काळजी आणि बाईची काळजी या दोन गोष्टी एकत्रच चालतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी या दोन्ही फायली शेजारी ठेवून वाचाव्यात.

मग गर्भाच्या जिवाचं काय? हा प्रश्न टाळून गर्भपाताची बाजू घेणं मला प्रामाणिक वाटत नाही. चौथ्या महिन्यात आपोआप गर्भपात झालेली बाई वर्षानुवर्षं ते दुःख घेऊन जगते. त्या दुःखाला जर अर्थ आहे, तर गर्भ म्हणजे नुसता मांसाचा गोळा, असं मला म्हणता येत नाही. त्याला मोल आहे आणि तो वाढतो तसं ते मोल वाढत जातं, असं मी मानते. सहा आठवड्यांचा गर्भ आणि आईच्या पोटाबाहेर जगू शकणारा गर्भ हे नैतिकदृष्ट्या एक नाहीत. आपल्या चालीरीतीही हे जाणून असाव्यात. पहिल्या महिन्यांत गेलेल्या गर्भाचं सुतक आणि जन्मलेल्या बाळाचं सुतक यांत त्या फरक करतात.

पण गर्भाला मोल आहे, एवढ्यावरून दुसऱ्याच्या शरीरावर त्याचा हक्क सिद्ध होत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याकडे पाहा. पोटच्या, जन्मलेल्या, बोलणाऱ्या-चालणाऱ्या मुलाची मूत्रपिंडं निकामी झाली आणि बापाचं मूत्रपिंड तंतोतंत जुळलं, तरी बापाला ते द्यायला कुठलंही न्यायालय भाग पाडू शकत नाही. त्याने दिलं नाही तर शेजारीपाजारी त्याला नावं ठेवतील. आपणही कदाचित ठेवू. पण पोलीस येणार नाहीत. जिवंत मुलासाठी बापाच्या शरीरावर कायदा जी सक्ती करत नाही, ती न जन्मलेल्या गर्भासाठी आईच्या शरीरावर नऊ महिने करावी, याचं कारण मला कुणी पटवून दिलेलं नाही. संभोगाला संमती दिली म्हणजे गर्भालाही दिली, असं एक उत्तर ऐकू येतं. पण बापही त्या मुलाच्या जन्माला तितकाच कारण होता.

आपला कायदाही गर्भाच्या जिवाला खऱ्या अर्थाने मानत नाही. गर्भात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या मताने चोवीस आठवड्यांनंतर केव्हाही गर्भपात करता येतो, तिथे वरची मर्यादाच नाही. या सवलतीची वाट २००८ मध्ये मुंबईच्या निकेता मेहता यांच्या खटल्याने दाखवली. त्यांच्या गर्भाच्या हृदयात दोष आढळला होता, मुंबई उच्च न्यायालयाने सव्वीसाव्या आठवड्यात परवानगी नाकारली आणि पुढे तो गर्भ आपोआपच गेला. मी त्यांच्या बाजूने होते, आजही आहे. पण आता कायदा जे सांगतो ते नीट वाचलं तर असं निघतं: अपंग गर्भ असेल तर सव्वीस आठवडे चालतील, आई आजारी असेल तर चालणार नाहीत. जीव पवित्र असेल तर अपंगाचाही आहे. अपंगांच्या चळवळीतली मंडळी यावर दुखावतात ते योग्यच आहे. कोणता गर्भ जगण्यालायक हे ठरवायचा अधिकार राज्याने स्वतःकडे घेतला, आणि आपल्याला काय झेपेल हे ठरवायचा अधिकार बाईला दिला नाही. दोन्ही टोकांना चुकीच्या माणसाच्या हाती निर्णय गेला.

म्हणून २०२३ च्या निकालात मी न्या. नागरत्ना यांच्या बाजूला आहे. गर्भ जगू शकतो अशा टप्प्यावर प्रश्न बदलतो, डॉक्टरांची घालमेल खरी असते, हे सगळं धरूनही. त्या वेळेस कुणाला तरी एक दुःख निवडावं लागतं. ते दुःख ज्या शरीरात भोगलं जाणार, त्या शरीराची मालकीण तिथे हजर आहे, शहाणी आहे, स्वतःच्या आजाराबद्दल सांगते आहे. तिच्यापेक्षा चांगला निवाडा करणारा मला दुसरा कुणी दिसत नाही.

आणि निर्णय तिचा म्हणजे दोन्ही बाजूंनी तिचा. २००९ मध्ये चंडीगढच्या सरकारी संस्थेत राहणाऱ्या एका मतिमंद तरुणीवर बलात्कार होऊन तिला दिवस गेले. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. तिला मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तिचं ऐकलं आणि मूल होऊ देणं, न देणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या स्वातंत्र्याचा भाग आहे असं म्हटलं. गर्भपाताचा हक्क मागणाऱ्यांनी हा निकाल विसरता कामा नये. घरच्यांच्या दबावाने मूल पाडायला लावलेली मुलगी आणि घरच्यांच्या दबावाने ठेवायला लावलेली मुलगी, दोघींवरचा अन्याय एकच आहे.

संततिनियमनाच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राने जी चर्चा शंभर वर्षांपूर्वी सुरू केली ती पुढे नेली नाही, याची मला खंत वाटते. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. विल्सन कॉलेजमधली प्राध्यापकी त्यापायी गेली. १९२७ पासून मरेपर्यंत, १९५३ पर्यंत, ते 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत राहिले, अश्लीलतेचे खटले झेलत. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्वे देशाच्या लोकसंख्येसाठी लिहीत नव्हते. मूल कधी आणि किती, हे बाईने ठरवावं, आणि मुलाच्या भीतीशिवाय तिला शरीरसुख मिळावं, हे ते उघड म्हणत होते. त्याच काळात, १९३५ च्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी साधनं नाकारली आणि संयमाचा मार्ग सांगितला. गांधीजींबद्दलचा सगळा आदर ठेवून म्हणते, तो सल्ला ज्या बाईला नवऱ्याला 'नाही' म्हणता येतं तिच्याच कामाचा होता. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधिमंडळात आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे रोहम यांनी संततिनियमनाच्या सोयी सरकारने कराव्यात असा ठराव मांडला. सततच्या बाळंतपणांनी बाईच्या प्रकृतीचं काय होतं, हा त्यातला मुख्य मुद्दा. ठराव फेटाळला गेला.

सरकारने पुढे संततिनियमन उचललं, पण कर्व्यांचं नाही. ते उचललं लोकसंख्येच्या नावाने, उद्दिष्टांच्या तक्त्यांसह. १९७६ मध्ये याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून ते टळलं. आणीबाणीतल्या नसबंदीचा पुरुषांनी मतपेटीतून सूड घेतला आणि तेव्हापासून कुठल्याही सरकारची पुरुषाच्या शरीराकडे बोट दाखवायची हिंमत झाली नाही. सगळा भार बाईवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुषांच्या नसबंदीचा वाटा अर्धा टक्काही नव्हता. पुरुषाची नसबंदी ही काही मिनिटांची, पोट न उघडता होणारी शस्त्रक्रिया. तरी गावात आशाताई ज्या घरात जाते तिथे सासू सांगते, "त्याला कामाला जायचंय, त्याच्यात ताकद राहणार नाही. हिचंच करा." हिला कामाला जायचं नसतं का?

कितीतरी मराठी घरांत आजही बाईच्या वाट्याला येणारी संततिनियमनाची पद्धत एकच, ती म्हणजे ऑपरेशन. त्याआधीची वर्षं ती देवाच्या भरवशावर काढते. सरकारी केंद्रांत २०१७ पासून तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन आहे, आठवड्याची 'छाया' गोळी आहे, तांबी, माला-एन, निरोध आहेत. पण अठरा-एकोणीसच्या नव्या सुनेला याबद्दल सांगायला गेलं की पाहुण्यांसमोर लाज काढल्यासारखं होतं. मुलीला लग्नात भांडी देतात, हे ज्ञान देत नाहीत. मग चुकलेल्या पाळीचा पहिला उपाय गर्भपात ठरतो. गर्भपात कमी व्हावेत असं मला मनापासून वाटतं. त्याला हे ज्ञान आणि ही साधनं बाईपर्यंत पोचवण्याखेरीज दुसरा कुठलाही रस्ता नाही. अविवाहित मुलींना तर आपण साधनंही देत नाही आणि अडचणही ऐकून घेत नाही. अठराच्या आतली मुलगी दवाखान्यात आली तर डॉक्टरला पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावं लागतं. तिने स्वखुशीने संबंध ठेवले असतील तर तिचं नाव उघड करण्याची गरज नाही, हे २०२२ च्या निकालाने सांगितलं आहे. ते किती दवाखान्यांच्या भिंतीवर लागलंय? केस नको, कटकट नको म्हणून डॉक्टर तिला परत पाठवतात, आणि ती कुठे जाते हे कुणी पाहत नाही.

कायद्याची भीती डॉक्टरच्या हातांना कशी बांधते, याचं एक उदाहरण मराठी-कानडी मुलखातल्या घरातून परदेशात घडलं. बेळगावच्या सविता हलप्पनवार, पेशाने दंतवैद्य, आयर्लंडमध्ये गॉलवेला राहत होत्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात त्यांचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं. त्यांनी गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके अजून चालू होते, कायद्याला ते मान्य नव्हतं, डॉक्टर थांबले. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि एकतिसाव्या वर्षी त्या गेल्या. मे २०१८ च्या सार्वमतात आयर्लंडच्या दोन तृतीयांश मतदारांनी ती बंदी उठवली. आज तिथे बारा आठवड्यांपर्यंत कारण न सांगता गर्भपात करून घेता येतो. ज्या देशाच्या कायद्याने बेळगावच्या लेकीचा जीव घेतला, तो देश आता बायकांवर आपल्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतो.

बारा आठवड्यांपर्यंत बाईच्या शब्दाखेरीज काही लागू नये, ही मागणी म्हणून टोकाची नाही. त्यासाठी संसदेला कायदा बदलावा लागेल. पण बरंच काही महाराष्ट्र सरकार एका परिपत्रकाने करू शकतं. सज्ञान बाईच्या गर्भपाताला नवऱ्याची सही लागत नाही, हे प्रत्येक मान्यताप्राप्त केंद्राच्या काउंटरवर मराठीत लावायला सांगता येईल. तांबीची किंवा ऑपरेशनची अट घालणाऱ्यावर कारवाई करता येईल. नऊ आठवड्यांपर्यंतच्या गोळ्या प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठेवता येतील, आणि चिठ्ठीवर त्या विकणाऱ्या दुकानदाराला धाडीची धास्ती घालणं थांबवता येईल. पंचायतीतली दोन मुलांची अट विधिमंडळ एका अधिवेशनात रद्द करू शकतं.

दिल्लीतही संधी आली होती. २०२३ मध्ये इंग्रजांचे फौजदारी कायदे मोडीत काढून नवे केले जात आहेत असं सांगितलं गेलं, तेव्हा १८६० चं ते कलम गाळता आलं असतं. भारतीय न्याय संहितेत ते कलम ८८ म्हणून जवळपास शब्दशः उतरवलं आहे. स्वतःचा गर्भ स्वतः पाडणारी बाई आजही त्या कलमाखाली गुन्हेगार ठरते.